रावपुऱ्यातलं भाड्याच्या पोशाखांचं दुकान: शाळेच्या संमेलनासाठी घेतलेला अनुभव

आमच्या प्राथमिक शाळेचं वार्षिक संमेलन डिसेंबरात झालं. त्यासाठी मुलांचे बहुतेक सगळे पोशाख आम्ही रावपुरा टॉवरजवळच्या गल्लीतल्या या दुकानातून भाड्याने घेतले. मी तिसरीची वर्गशिक्षिका आणि पोशाखांचं सगळं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मोजमाप देण्यापासून शेवटची नथ मोजून परत करण्यापर्यंतचा व्यवहार मी स्वतः केला आहे. बडोद्यात नवरात्रामुळे पोशाख भाड्याने देणाऱ्यांची कमी नाही. तरीही शाळेच्या कार्यक्रमासाठी मी दुसऱ्या कोणाला हेच दुकान का सांगेन, ते नीट लिहावंसं वाटलं.

दुकान पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद. काउंटरवर एक वयस्कर काकू बसतात, आतल्या खोलीत त्यांचे टेलर मास्टर. आम्ही यादी घेऊन गेलो होतो: गुजरात, महाराष्ट्र, केरळ, पंजाब, छत्तीसगड. दुसरीकडे अशी यादी दिली की समोर गठ्ठे येतात. ‘केरळ’ म्हटलं की पांढरी साडी, ‘पंजाब’ म्हटलं की चकचकीत लुंगी. काकूंनी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, “बाई, राज्य नंतर सांगा. आधी नाच सांगा. मुलं बसणार आहेत का, वाकणार आहेत का, फेर धरणार आहेत का? आणि मुलं केवढी?”

या एका प्रश्नामुळे आमचा सगळा कार्यक्रम सुधारला.

आमची शाळा गोरव्याच्या बाजूला आहे. रिफायनरी, खतांचा कारखाना, रेल्वे, एअर फोर्स, सावली तालुक्यातले नवे कारखाने यांच्यामुळे बडोद्यात देशभरातली माणसं येऊन राहिली, आणि त्यांची मुलं आमच्याकडे येतात. माझ्याच वर्गात गुजराती, मराठी, मल्याळी, पंजाबी मुलं आहेत, वारसियातून येणारी सिंधी मुलगी आहे, बिहारहून आलेली दोन भावंडं आहेत आणि छोटाउदेपूरकडून बांधकामाच्या कामावर आलेल्या राठवा या आदिवासी समाजातल्या कुटुंबांची मुलं आहेत. पूर्वी संमेलनासाठी प्रत्येक वर्गाला चिठ्ठी टाकून एक राज्य दिलं जायचं. पटनायक आडनावाचा मुलगा राजस्थानी पगडी घालून नाचायचा आणि ओडिशाचा नाच दुसऱ्याच वर्गाकडे असायचा. या वेळी आचार्यांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, ठरवलं की नाच मुलांच्या घरून यायला हवेत. पालकसभेत विचारलं, तुमच्या गावी बायका काय करतात, मुलं काय खेळतात, आणि आया, आज्या, एक आजोबा असे सगळे शिकवायला आले. छत्तीसगड तेवढं आमच्याकडे सरकारी वाटेने आलं. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या केंद्र सरकारच्या उपक्रमात गुजरातची जोडी छत्तीसगडशी लावलेली होती, म्हणून त्या राज्याचं काहीतरी बसवायचं होतं. सुदैवाने तिकडच्या भिलाईहून बदली होऊन आलेलं एक कुटुंब चौथीत निघालं.

तर काकूंच्या प्रश्नाला उत्तर देताना माझ्या लक्षात आलं की मुलींचे चारही नाच फेराचे आहेत. गरब्यात मध्ये छिद्रांचा मातीचा घडा, आत दिवा. भोंडल्यात पाटावर हत्ती. छत्तीसगडच्या सुवा नाचात टोपलीत भात भरून त्यावर मातीचा पोपट ठेवतात आणि बायका टाळ्यांच्या तालावर भोवती फिरतात. केरळच्या कैकोट्टिकळीत मध्ये समई असते. यातले तीन नाच मी आधी सलग एकत्र पाहिलेलेसुद्धा नव्हते. काकू म्हणाल्या, “मग सगळ्यांची लांबी घोट्याच्या चार बोटं वर घेते. फेरात मागचीचा पाय पुढचीच्या घेरावर पडतो. आणि ओढण्या खांद्याला टाचून देते, टाळी वाजवताना हात मोकळे राहिले पाहिजेत.” त्यांनी हे निव्वळ शिवणाच्या अंगाने सांगितलं. मी शाळेत येऊन संगीताच्या बाईंना सांगितलं, आणि आम्ही चार वेगळे कार्यक्रम रद्द करून एकच केला. मैदानावर चार फेर एकाच वेळी, मध्ये घडा, हत्ती, पोपट, समई. एक फेर नाचताना बाकीचे तीन त्याच तालावर टाळ्या धरणार. पालकांना सगळ्यात जास्त हाच भाग आवडला आणि त्याचं श्रेय अर्धं या दुकानाला आहे.

कपड्यांविषयी. भोंडल्यासाठी मी नऊवारी मागितली होती. काकूंनी काढून दाखवली, शिवलेली, इलॅस्टिकची, चांगलीच होती, पण म्हणाल्या की भोंडला मुलींचा खेळ आहे, आठ वर्षांच्या मुलीला खणाचं परकर-पोलकं द्या. बरोबरच आहे. माझ्या आईच्या लहानपणीच्या गोष्टींत भोंडला आहे तो परकरातलाच. खण अस्सल होता असं मी म्हणणार नाही, मिश्र धागा होता, पण काठ नीट जुळवलेला आणि रंग पाच प्रकारचे, त्यामुळे फेर एकसारखा गणवेश घातल्यासारखा दिसला नाही. केरळच्या बाबतीत त्यांनी हेच केलं. क्रीम रंगाचं, जरीकाठाचं सेट-मुंडू दोन तुकड्यांचं असतं आणि मोठ्या बायका नेसतात. लहान मुलींसाठी पट्टुपावाडा, म्हणजे लांब रेशमी घागरा आणि पोलकं. आमच्या एका विद्यार्थिनीची आई नर्स आहे, त्रिशूरची. ट्रायलच्या दिवशी तिने तो पावाडा हातात घेतला, काठ बघितला आणि आनंदाने मला म्हणाली, “टीचर, ये तो हम बच्चों को ओणम में यही पहनाते हैं.” ज्या घरचा पोशाख आहे त्या घरच्या माणसाने मान डोलावली, याहून वेगळी पावती मला नको.

चणिया-चोळीविषयी बडोद्यातल्या दुकानाचं काय कौतुक करायचं, ती इथे उत्तमच असणार. डिसेंबर २०२३मध्ये युनेस्कोने गरब्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्यापासून तर भावही वाढले आहेत. सुवाची लुगडी मात्र दुकानात नव्हती. काकूंनी तसं सरळ सांगितलं. भिलाईच्या आईने मोबाइलवर आपल्या सासूचे फोटो दाखवले, नेसण घोट्यापासून किती वर, पदर कुठल्या खांद्यावर, आणि मास्टरांनी साध्या काठपदराच्या सुती साड्या कापून मुलींच्या मापाची लुगडी शिवली. त्याचे शिलाईचे पैसे त्यांनी आमच्याकडून घेतले नाहीत. म्हणाले, आता ही दुकानात राहतील, पुढच्या शाळेला उपयोगी पडतील. म्हणजे बडोद्यात आता छत्तीसगडचा पोशाख नीट मिळण्याची एक जागा झाली.

मुलांचे नाच चार होते: लेझीम, भांगडा, पंथी आणि राठव्यांचा घेर. लेझमीसाठी धोतर, सदरा, फेटा. फेटे बांधलेले तयार मिळतात, आतून पुठ्ठ्याची पट्टी असते, ती थोडी कडक आहे, कपाळाला लागते. आम्ही आतून सुती पट्टी लावून घेतली, तुम्हीही घ्या. भांगड्याचे पोशाख रंगीत, स्वच्छ, सगळे एका मापाचे. आमच्यातल्या एकाने नकली दाढ्या आहेत का विचारलं, तर काकूंनी ठाम नकार दिला. पगडी आणि केस ही शीख माणसाची श्रद्धा आहे, ती चिकटवून गंमत करायची गोष्ट नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. पगड्या आमच्या एका पालकांनी, ट्रकचा धंदा असलेल्या एका सरदारजींनी, सकाळी लवकर येऊन प्रत्येक मुलाला स्वतः बांधल्या. पंथी हा छत्तीसगडच्या सतनामी समाजाचा नाच, त्यांचे गुरू घासीदास यांच्या जयंतीला, म्हणजे १८ डिसेंबरला, होतो. आमचं संमेलन त्याच आठवड्यात होतं, हा चांगला योग. पांढरी धोतरं, गळ्यात माळ, पायांत घुंगरू. या नाचात मुलं एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरे करतात, म्हणून काकूंनी धोतरांना आतून पँट शिवून दिली आणि घुंगरू चामड्याच्या पट्ट्यावरचे न देता कापडी पट्ट्यावरचे दिले, खालच्या मुलाच्या खांद्याला ओरखडे येऊ नयेत म्हणून. एवढा विचार मी कुठल्याच दुकानात पाहिलेला नाही.

आता राठव्यांविषयी, आणि हे मला जरा जास्त लिहायचं आहे.

प्राथमिक शाळांच्या कार्यक्रमात ‘आदिवासी नृत्य’ म्हणून काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग, हातात पुठ्ठ्याचे भाले आणि कुठल्याही भाषेत नसलेल्या आरोळ्या. गेल्या काही वर्षांत आम्ही दुसऱ्या एका दुकानातून सामान घ्यायचो, त्यांच्या कॅटलॉगमध्ये हा ‘सेट’ अजून आहे. या वर्षीही त्यांनी फोटो पाठवले होते. ते फोटो मी आमच्या तिसरीतल्या एका मुलाच्या आईला दाखवले. ती छोटाउदेपूर भागातल्या कवांटकडची, इथे बांधकामावर जाते. तिने बराच वेळ बघून एवढंच म्हटलं, “बेन, आवुं तो अमे पहेरता नथी.” म्हणजे, असं तर आम्ही घालत नाही. ती रागावली नव्हती. मला मात्र फार वाईट वाटलं. होळीनंतर कवांटचा मेळा भरतो, तिथे राठव्यांचा घेर बघायला लांबून माणसं येतात. ज्यांच्या घरांच्या भिंतींवर पिठोरा देवाचे घोडे रंगवले जातात, नवस फेडण्यासाठी, विधी करून, त्या माणसांना आपण आपल्याच शाळेत पानं गुंडाळून उभं करतो. आणि हे पाहत बसलेलं असतं त्यांचंच मूल, पहिल्या रांगेत.

या दुकानात पानांचे घागरे मिळत नाहीत. मी विचारल्यावर काकू म्हणाल्या, “ते मी ठेवत नाही. राठव्यांचं माझ्याकडे काही नाही, आणि वाटेल ते देणार नाही. त्यांच्या घरून आणा, कमी पडेल ते मी देते.” मुलाचे वडील गावी जाऊन मोरपिसांचे दोन मुकुट, कमरेचे घुंगरांचे पट्टे आणि ढोल घेऊन आले. बाकीच्या मुलांसाठी मास्टरांनी तशाच पद्धतीचे कमरपट्टे केले, पितळी घुंगरू दुकानातले. ते सगळं करताना मुलाचे वडील दुकानात मास्टरांशेजारी बसून सांगत होते, घुंगरू किती ओळी, कुठे बांधायचे. संमेलनात घेराचा ढोल त्यांनीच वाजवला. त्यांचा मुलगा वर्गात एरवी शेवटच्या बाकावर बसतो आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. तालमीच्या दिवसांत वर्गातली सगळी पोरं त्याला विचारत होती, पाय कसा टाकायचा, कधी वळायचं. तो सांगत होता, चुकलेल्याला धरून वळवत होता.

शाळेचा अभिमान, ‘स्कूल स्पिरिट’ म्हणून जे म्हणतात, ते मला या तालमींत दिसलं. घोषणा आणि हाउसचे झेंडे आमच्याकडेही आहेत, त्यांचं मोल कमी नाही. पण तिसरी ‘अ’ची मुलं ‘ब’च्या फेरासाठी जीव तोडून टाळ्या धरतात, पंजाबी मुलगा भोंडल्याची खिरापत ओळखायला पुढे येतो, तेव्हा शाळा सगळ्यांची होते. या गावाला त्याची परंपरा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेली प्रांतात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केलं. शाळेत सगळी मुलं यावीत हा विचार बडोद्याचा जुना आहे. आलेल्या मुलाला त्याचं घर शाळेबाहेर ठेवावं लागू नये, एवढं तरी आपण करायला हवं.

एक छोटी गोष्ट भरतनाट्यमच्या पोशाखांची. पाचवीच्या तीन मुली क्लासला जातात, त्यांचं स्वागताचं नृत्य होतं. इथले भरतनाट्यमचे पोशाख अप्रतिम आहेत, मधला पंखा नीट उघडतो, जरी खरवडत नाही. बडोद्यात हे असणं साहजिकच आहे. तंजावरहून लग्न होऊन आलेल्या पहिल्या चिमणाबाई महाराणींबरोबर तिथल्या नर्तकी इथे आल्या, १८८६मध्ये गायक मौलाबक्षांची गायनशाळा निघाली आणि तिचंच पुढे आजच्या विद्यापीठातलं परफॉर्मिंग आर्ट्सचं महाविद्यालय झालं. तमिळ देशाचा नाच इथे पाहुणा राहिलेला नाही.

व्यवहाराचं सांगते. लहान मापाच्या साध्या पोशाखाला आम्हाला १५० रुपये भाडं पडलं, दागिन्यांसकट २००. भरतनाट्यमचं अर्थातच जास्त. अनामत वेगळी, ती परत करताना लगेच मिळाली. न वापरलेल्या पोशाखाचं भाडं त्या घेत नाहीत, आणि आजारी पडणारी मुलं धरता हे शाळेला फार सोयीचं आहे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, काही पालकांना एवढंही जमणार नाही हे मी चाचरत सांगायला लागले तर काकूंनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. शाळेसाठी एकच रक्कम ठरवली, कोणाचे पैसे आले आणि कोणाचे नाही हा प्रश्नच ठेवला नाही. त्यामुळे पैशांपायी एकही मूल प्रेक्षकांत बसलं नाही. संमेलनाच्या वर्गणीमुळे नाचातून गळणारी मुलं प्रत्येक शिक्षिकेने पाहिलेली असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

सगळ्या धोतरांना आणि लुगड्यांना इलॅस्टिक आहे, सहा वर्षांच्या मुलाला बाथरूमला नेऊन आणता येतं. ज्यांनी पिना टोचलेल्या धोतरातलं रडवेलं मूल सांभाळलं आहे त्यांना याची किंमत कळेल. कानातले आणि नथी प्रेसच्या आहेत. कपडे धुतलेले, इस्त्री केलेले मिळाले. टोप्या आणि गंगावनं मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातात, तेव्हा उवांचा विचार करून आत घालायला सुती रुमाल घरून मागवा.

उणिवाही आहेत. दुकानाचा फोन दुपारी कोणी उचलत नाही. बिल हाताने लिहिलेलं मिळतं, शाळेच्या हिशेबासाठी छापील पावती हवी असेल तर आधी सांगावं लागतं आणि दोन दिवस लागतात. मुलांच्या मोजड्या नाहीत, त्या मंगळबाजारात शोधाव्या लागल्या. ईशान्येकडच्या राज्यांचं सामान कमी आहे. आसामचे मेखला-चादर आहेत, चांगले आहेत, बरोबर गामोसा, म्हणजे तिकडचा गमछाही देतात, पण मणिपूर, नागालँड, मिझोराम यांच्यासाठी मिळून एकच लाल-काळा पट्टेवाला संच ठेवला आहे. या दुकानाची बाकीची पद्धत पाहता हे खटकतं. मी काकूंना तसं सांगितलं. तिथल्या कोणा पालकांशी गाठ घालून द्या, म्हणाल्या. एअर फोर्सच्या वसाहतीतलं एक मणिपुरी कुटुंब आमच्या दुसरीत आहे, त्यांच्याशी मी बोलणार आहे.

जायचं असेल तर नवरात्राच्या आधीचा महिना आणि नवरात्र पूर्ण टाळा, काकूंना मान वर करायला वेळ नसतो. डिसेंबरच्या संमेलनासाठी दिवाळीची सुट्टी संपताच जा, २६ जानेवारीसाठी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी. माप घेताना मुलाची उंची, छाती आणि कंबर लिहून न्या, वयावरून माप सांगू नका. गाडी गल्लीत नेऊ नका, लांब लावून चालत या. आणि शक्य असेल तर ज्या मुलाच्या घरचा पोशाख आहे त्याच्या आईला किंवा वडिलांना बरोबर घेऊन जा. मास्टर त्यांच्यासाठी खुर्ची काढून देतात.